साळुंकीचं खोकं

माझा नवरा यशपाल सकाळी प्लँटवर गेला की मी स्वयंपाकघरातला रेडिओ लावायचे, ट्रकवाले आपसात बोलायला वापरतात तसला, माइकवाला. आमच्या आधीचा भाडेकरू ट्रक चालवायचा, त्यानेच तो मागे ठेवलेला. जर्मनीत झिंडेलफिंगेनचा आमचा फ्लॅट ऑटोबानला, म्हणजे तिथल्या महामार्गाला लागून, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांचं आपसातलं बोलणं घरात ऐकू यायचं. भाषेच्या कोर्सात नसलेलं जर्मन मी त्यांच्याकडून शिकले. पोलिसांना ते ‘पारंपरिक वेशातली मंडळी’ म्हणत, खांबावर पक्ष्यांच्या घरट्याच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या, वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला ‘साळुंकीचं खोकं’, आणि निरोप घेताना नुसतं ‘त्र्याहत्तर’. मी एकटीच हसायचे. माइकचं बटण मात्र कधी दाबलं नव्हतं. त्या दुपारी एक थकलेला आवाज पुन्हापुन्हा विचारत होता, “पुलाजवळ साळुंकीचं खोकं आहे का? अरे, कोणी आहे का?” उत्तर येईना, हल्ली कॅमेरा कुठे आहे ते सगळे मोबाइलवरच बघतात. कॅमेरा मला खिडकीतून दिसत होता. मी बटण दाबलं. “आहे. उजव्या हाताला. सावकाश या.” “डांके,” तो म्हणाला. “नवीन आवाज दिसतोय. रेडिओवरचं नाव काय तुझं?” इथे येऊन वर्ष होत आलं होतं. सगळ्या ऑफिसांत माझं आडनाव लागायचं, तेही एकेक अक्षर सुटं करून. तुला हवं ते नाव सांग, असं कोणी म्हटलं नव्हतं. मी विचारात पडले. सुचलं तेव्हा ट्रक टेकडीआड गेला होता. रेडिओत नुसती खरखर. तरी मी बटण दाबून धरलं. “साळुंकी,” मी म्हणाले. “त्र्याहत्तर.”