पहिला हशा

मूत्राशयात पाणी भरून, नळी काढून डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता खोका, गळतंय का बघू.” पद्मजाताई खोकेनात. समोर बाटलीत निळ्या जाळीचा तुकडा होता. हसताना लघवी गळते म्हणून त्यांनी मूत्रमार्गाला आधार द्यायला ही जाळी बसवून घेतली होती. सारसबागेतल्या हास्यक्लबात पहिला हशा त्यांचाच असायचा. पण जाळी मूत्रमार्गात घुसली, हसलं की टोचू लागली आणि क्लब सुटला. गळणं परत सुरू होऊ शकतं असं बजावून गेल्या आठवड्यात बाईंनी ती दुर्बिणीतून लेझरने कापून काढली. पडद्यापलीकडे येरझारा घालणारे पतिराज करवादले, “अगं, खोक की एकदाची!” “खोकत नाही, हसूनच बघते.” ताईंनी दोन्ही हात वर करून क्लबातलं गडगडाटी हास्य सोडलं. चादर ओली झाली. सिस्टरने नजर चुकवली. “काय झालं?” पतिराजांनी विचारलं. “भिजले. पण टोचलं नाही!” ताईंनी हात पुन्हा वर केले.