साहेबांचं अंत्यदर्शन

सर ऑगस्टस थॉर्नबी यांच्या अंत्यदर्शनासाठी लँकशायरच्या त्या गावातल्या गिरण्या बंद राहिल्या. गिरणीत राबणाऱ्या पोरांचे तास कमी व्हावेत म्हणून ते जन्मभर पार्लमेंटात भांडले होते. आता दिवाणखान्यात शवपेटी उघडी ठेवली होती आणि कामगारांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. उशाशी त्यांची बायको, लेडी कॉन्स्टन्स, बसली होती. डॉर्कस नावाची एक विणकरीण पेटीपाशी थांबली आणि सहज हात घालून तिने त्यांची कॉलर सारखी केली. "तू ओळखायचीस यांना?" लेडीने विचारलं. "आमच्याकडे चहाला यायचे की, बाईसाहेब. दर शनिवारी. बूट काढून चुलीशी बसायचे. माझा नवरा गिरणीमालकांची नक्कल करायचा, तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे." शनिवारी ते कमिटीच्या कामाला जातात, असं लेडी समजत होती. घरात त्यांना मोठ्याने हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. "पुरे," ती नोकराला म्हणाली. "सगळ्यांना बाहेर काढ. यांना आता कुणी हात लावायचा नाही." दार बंद झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते फक्त तिचे होते. ती पेटीवर वाकली, पण त्यांच्याशी काय बोलावं हेच तिला सुचेना. शेवटी तिने स्वतःच उठून दार उघडलं. डॉर्कस अजून पायऱ्यांवर उभी होती. "आत ये," लेडी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची ती नक्कल तुला येते का?"