फूल मिटायच्या आत

लिंबाचा काटा घड्याळजींच्या बोटांतून पुन्हा निसटला आणि खालच्या पाल्यात दिसेनासा झाला.

"राहू द्या आता," मिरीच्या वेलाजवळून बायको म्हणाली. "फुलाला इजा व्हायची."

परसातलं धुकं अजून विरलं नव्हतं. हिरव्या जाळीच्या मांडवात उजेड पाण्यात उतरावा तसा हळूहळू उतरत होता. मांडवात दोन खांब, दोन वेल. मिरीचा तिचा, व्हॅनिलाचा त्यांचा. आधी जागा वाचेल म्हणून घड्याळजींनी दोन्ही एकाच खांबावर चढवले होते. मिरीने व्हॅनिलाचा गळाच आवळला. तेव्हा बायको पोट धरधरून हसली होती, आणि दुसरा खांबही तिनेच रोवला होता.

मिरीचं फारसं मागणं नसे. बुंध्याशी चार मुठी खत, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, बास. पुढचं काम पाऊस उरकून टाकी. थेंब तुऱ्यांवरून ओघळत खाली येत आणि दाणे धरत. दाणे उन्हात टाकले की काळे होत. मग ते भाजीला चालत, खोकल्याला चालत, जिभेची चव गेली तर तिलाही जागेवर आणत.

व्हॅनिलाचे लाड काही वेगळेच. ऊन हवं, पण गाळलेलं. मुळांना माती नको, कुजलेला पाला हवा. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. इतकं करून फूल आलंच, तर ते सकाळी उघडणार आणि दुपारपर्यंत मिटणार. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या आतला इवलासा पडदा उचलून पिवळी पूड पलीकडे टेकवायची. नाही टेकवली, तर फूल गळून पडणार. यंदा बाकीच्या कळ्या उन्हाने करपल्या होत्या. ही एकच उघडली होती.

"आणि एवढा जिवाचा आटापिटा करून मिळणार काय? वास!" ती नेहमी म्हणायची.

"ओल्या शेंगेला तोही नसतो," घड्याळजी शांतपणे सांगायचे. "उबेत गुंडाळून घाम आणून, वाळवून, थांबावं लागतं. मग येतो."

"म्हणजे वासाचासुद्धा वायदाच!"

आज मात्र ती असलं काही बोलली नाही. केसाएवढी स्प्रिंग मनगटी घड्याळात अलगद बसवणारे त्यांचे हात आता शर्टाचं बटण लावतानाही थरथरत. दुकान बंद झालं होतं. सकाळी कपबशीची किणकिण ऐकू आली की ती हातातलं काम टाकून धावे आणि चहा सांडायच्या आत कप काढून घेई. हे एक फूल मात्र आपल्या हातून व्हावं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. तिला ते ठाऊक होतं.

जाळीतून आलेला उन्हाचा ठिपका फुलाच्या दिशेने सरकू लागला.

"तू कर," घड्याळजी म्हणाले.

"मी? जन्मभर खानावळीतली पातेली उचललीत या बोटांनी. तुमच्या फुलाचा भुगा होईल."

"थरथरत तर नाहीत ना?"

कुणी वेळ विचारावी आणि त्यांनी सांगावी, तसं ते म्हणाले. मग खिशातून दुसरा काटा काढून तिच्या हाती दिला, दुकानातलं भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि आपले हात पाठीमागे बांधून घेतले.

तिने डोळा फुलाजवळ नेला आणि मांडव नाहीसा झाला. समोर फिकट हिरव्या भिंतींची एक खोली होती. आत उजेड होता, पण तो कुठून येत होता ते कळत नव्हतं. जमिनीवर ओल होती. मागच्या बाजूला एक झुळझुळीत पडदा होता आणि त्याच्या आड कुणीतरी निजलं असावं अशी शांतता.

"दिसला पडदा?" आवाज फार लांबून आला.

"दिसला."

"काट्याने वर सार. ओढू नकोस. आता अंगठ्याने पूड खाली टेकव. नुसती टेकव."

तिने टेकवली. आपला अंगठा तिला त्या खोलीत एखाद्या ढगासारखा येताना दिसला, आणि निघून जाताना दिसला.

"झालं? मला तर काहीच कळलं नाही."

"उद्या कळेल. लागलं असेल तर फूल सुकलं तरी वेलाला धरून राहील. नाहीतर पडेल."

दुकानातल्या टेबलावरचं पांढरं कापड त्यांनी आणवलं. सुटा स्क्रू हरवू नये म्हणून ते अंथरत. तिने ते वेलाखाली पसरलं, मिरीच्या खांबापर्यंत, आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच परसात गेली. रात्री वारा सुटला होता. धुक्यात दोन्ही वेल एकच वाटत होते. कापडाजवळ ती गुडघ्यांवर बसली. मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"पडलं?"

कापड दवाने भिजलं होतं. त्यावर काहीतरी पडलेलं होतं. तिने ते तळहातावर घेतलं, निरखलं. मग मान वर केली. फूल पिळलेल्या चिंधीसारखं झालं होतं, कडा तपकिरी पडल्या होत्या. तिने एका बोटाने त्याला अगदी हळू खालून हलवलं. ते हललं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबलं.

"अगं, पडलं का?"

"पडलेत," ती म्हणाली. "माझ्या मिरीचे दाणे."

ते खिडकीतून आत वळले. मग कपबशीची किणकिण सुरू झाली. ती आहे तिथेच बसून ऐकत राहिली.