पंख्याच्या दोरीचं भोक

आर्णीजवळच्या इंग्रज साहेबाच्या जुन्या बंगल्यात १९५८ साली मुलींची शाळा भरणार होती. डागडुजी धर्मपाल गवंड्याकडे होती. भिंतीतलं एक भोक मात्र त्याला आपल्याच हातानं बुजवायचं होतं. त्यातून आलेली दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून त्याचा आजा व्हरांड्यात बसून साहेबाचा पंखा ओढायचा. आत पाऊल टाकायची त्याला मुभा नव्हती.

दोनदा बुजवलेलं भोक दोनदा उघडं पडलं. तिसऱ्यांदा धर्मपालनं वीट ठोकून बसवली, वरून चुना घोटला आणि तिथंच व्हरांड्यात पाय पसरून बसला. "आता पाहतो कसं उघडते ते!"

दुपारी त्याची बायको सत्यशीला आतून घमेलं घेऊन आली. "वर पंखा नाही, तरी आत गार वारा सुटला. अन् तुम्ही पाय काहून हालवून राह्यले?"

धर्मपालनं दोन्ही हातांनी पाय दाबून धरला. पाय थांबेना.