रिकामी ओळ

जळगावच्या दाणाबाजारात भिकमचंदांच्या डाळीच्या दुकानात उंदीर कधी मारत नसत. जीवदया म्हणून पिंजऱ्यात धरायचे आणि सून चेलनाने स्कूटीवरून लांब शेतात सोडून यायचे.

त्या सकाळी पिंजऱ्यातल्या उंदराने भाकरीला तोंडही लावलं नव्हतं. जाळीतून पंजे बाहेर काढून त्याने सांडलेली तूरडाळ फरशीवर मांडली होती. वर एक दाणा, खाली दोन, त्याखाली तीन, मग चार. पुढची ओळ रिकामी ठेवून तो भिकमचंदांकडे बघत होता.

"बाबूजी," चेलना हळूच म्हणाली, "तो विचारतोय. पाच दाणे ठेवू का?"

ठेवले असते, तर आजवर इथे पिंजऱ्यात विचार करणारे जीव कोंडले, हे कबूल करावं लागलं असतं. भिकमचंदांनी झाडू घेतला आणि दाणे लोटून दिले.

"गिऱ्हाईक येईल आता. जा बेटा, सोडून ये."

चेलना पिंजरा घेऊन गेली. उंदरापुढे आपल्याला लाज वाटली, याचीच भिकमचंदांना जास्त लाज वाटत होती.

भर दुपारी शटर आपोआप खाली आलं. भिकमचंदांनी हाका मारल्या, शटर बडवलं. बाहेर बाजार नेहमीसारखा बोलत राहिला. खालच्या फटीतून मात्र कोणीतरी वाकून आत बघत होतं.

ते गुडघ्यांवर बसले. फटीपुढे तुरीचे दाणे मांडले. एक, दोन, तीन, चार. पुढची ओळ रिकामी सोडून ते वाट बघत राहिले.

बऱ्याच वेळाने फटीतून झाडू आत आला.