बोटभर हिरवी टेप

मिस्त्रींच्या लेकीने जुनी टर्बो गाडी घेतली होती. पोरांना घेऊन घाट उतरण्याआधी ती वडिलांच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायला आली.

"बाबा, तुम्ही उगाच काळजी करता. ऑइलचा लाल दिवा वर्षभरात एकदाही लागला नाही!"

किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा क्षणभर लागायलाच हवा. मिस्त्रींनी ऑइल प्रेशरचा मीटर जोडला आणि इंजिन तापू दिलं. काटा हळूहळू शून्यावर येऊन टेकला.

"अगं, भर घाटात इंजिन जाम झालं असतं! कुठल्या हरामखोराने दिवा काढून ही गाडी तुझ्या माथी मारली?" शिव्या घालतच त्यांनी डॅशबोर्ड उघडला.

बल्बच्या रिकाम्या भोकावर बोटभर हिरवी टेप चिकटवलेली होती.

गाडी विकायला काढलेल्या गिऱ्हाइकांसाठी मिस्त्री स्वतःच बल्ब काढून तिथे अशीच टेप लावत. खास त्या कामासाठी ठेवलेली गुंडाळी त्यांनी खणातून बाहेर काढली.


पुठ्ठ्याच्या कड्यावर आता जेमतेम दोन बोटं टेप उरली होती.