एक नंबर कोण?

पंचगंगेच्या स्मशानात चितेच्या शेणी रचून होईपर्यंत पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींत वाद जुंपला, की उद्या जगाचा बाजार कुणाच्या हातात जाणार. अभिराम ओल्या अंगानं, मान खाली घालून ऐकत होता.

शिरोलीचा फौंड्रीवाला म्हणाला, “चीन कुणाच्या बापाला हटत न्हाय!” गडहिंग्लजच्या पावण्यांनी अमेरिका लावून धरली.

त्यावर दादा मास्तर कडाडले, “खुळं हाईसा काय? दोन हजार पन्नासला आपला भारतच एक नंबर! आपण काय तवर ऱ्हात न्हाय, पर आपली पोरं बघतील की!”

बोलून गेले आणि मास्तरांनी जीभ चावली.


भटजींनी हाक दिली, “मुलाचे वडील कोण? अग्नी द्यायला पुढं या.”

अभिराम उठला.